ते जुलाब नव्हते, आई

आई, तू जाऊन अकरा वर्षं झाली. आज शुक्रवारची सुट्टी, म्हणून मस्कतच्या या खोलीत तुला लिहायला बसलोय. सातवीत शाळा सुटलेला मी, लिहिणं जमत न्हाई, एका जागी बसणं तर त्याहून न्हाई. पण सकाळी धाकटीचा चिखलीहून फोन आला. तिचं पोरगं रोज चड्डी खराब करतंय, बालवर्गातली पोरं नाक दाबतात. "जुलाब लागलेत दादा. जायफळ उगाळून देतेय, आई द्यायची तसं." मी ओरडलोच, "बंद कर आधी ते!"

मला हेच व्हायचं तेव्हा ती दोन वर्षांची, जायफळ तेवढं ऐकून ठाऊक. तू वर्कशॉपमधून येतेस, हाताला ग्रीसचा वास, आधी माझी चड्डी नळाखाली धरतेस, मग जायफळ घेऊन सहाणेपाशी बसतेस. एकदा शेजारणीसमोर धपाटा घातलास, "घोडा झालास, तरी कळत न्हाई व्हय रं?" खरंच कळायचं न्हाई. पोट ढोलासारखं, चेहरा पांढराफटक. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, एक्स-रेचा फोटो काढला. "हे जुलाब नाहीत. आत खडा साचून आतडं फुगलंय, बाजूनं पातळ झिरपतंय. त्याच्या हातात नाही ते. रक्तही कमी झालंय." म्हणजे जायफळानं तू मला आणखी बांधत होतीस. रिक्षात तू पदर तोंडाला लावून बसलीस. पुढं वर्षभर पातळ औषध, रक्ताच्या गोळ्या, आणि जेवण झालं की रोज मला संडासात बसवायचं. तू दाराबाहेर उभी, "घाई न्हाई राजा." झालो की बरा.

म्हणून म्हटलं, फोन पोराला दे.

"मामा, मी मुद्दाम न्हाई करत."

"ठाऊक आहे भावा. माझंपण असंच व्हायचं."

"तुझं? खोटं!"

"आईशप्पथ."

फिदीफिदी हसला. मग मी हळूच विचारलं, "शी दाबून धरतोस का रे?" तो पुटपुटला, "दुखतं मामा."

धाकटीनं ऐकलं. उद्या ती त्याला दवाखान्यात नेतेय, बालवर्गातल्या बाईंशीही बोलणार आहे. होईल तो बरा. मी झालोच की.

हा कागद पाठवू कुठं? पण तू शेवटपर्यंत त्या जायफळापायी स्वतःलाच बोल लावत गेलीस, म्हणून सांगतो. मलाही दुखायचं, आई. मीपण दाबून धरायचो. डॉक्टरीणबाईंनी तेच विचारलं होतं, आणि तुझ्याकडं बघत मी न्हाई म्हणून मान हलवली होती.