तिसऱ्या दिवसाचा जबाब

औरंगाबाद,
१९ फेब्रुवारी २०१७

प्रिय फारूख,

सलाम. तू, रईसा आणि लेकरं खुशाल असाल. लासूरची थंडी ओसरली असेल. अम्मीचे गुडघे तसेच आहेत, नमाज खुर्चीवर बसून पढते. माझ्याकडं यंदाही चौथीचाच वर्ग आहे. हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय. तू माझ्याच शाळेत शिकलास, तुला वाचता येतं. अम्मीला येत नाही.

तू गेल्यापासूनच्या सहा वर्षांत हे माझं पहिलंच पत्र. कारण असं की, गेल्या महिन्यात पोलिसांचं एक प्रशिक्षण झालं आणि मी तिथं बोलायला गेले होते. आमच्या मोहल्ला कमिटीनं तीन वर्षं अर्ज केले, तेव्हा कुठं सरकारनं त्यासाठी पैसे मंजूर केले. दोन दिवस, चाळीस पोलीस, समोर वस्तीतली आम्ही आठ-दहा माणसं. नाव ऐकून माणसाशी वागणं बदलू नये, चौकशीत हात उचलू नये, वस्तीशी बोलणं ठेवावं, असं सगळं. माझी मराठी चांगली म्हणून कमिटीनं मला पुढं केलं.

पहिल्या दिवशी मी तुझीच गोष्ट सांगितली, नाव न घेता. एक मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गल्लीत दगडफेक झाली तेव्हा तो पाळीवर होता. पोलीस पोरांची नावं लिहून घ्यायला लागले, म्हणून तो आपण होऊन हजेरीचा कागद दाखवायला ठाण्यात गेला. चौथ्या दिवशी बाहेर आला तेव्हा त्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. नोकरी गेली. तक्रार केली, तीही फेटाळली.

शिकवायला आलेल्या मॅडमनी विचारलं, "तो एकटाच गेला होता का ठाण्यात?"

मी हो म्हणाले.

तिसऱ्या रांगेत बन्सी हवालदार बसले होते. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, आठवत असेल. त्या दिवशी ठाण्याच्या दारातून तुला त्यांनीच आत नेलं. आता केस पार पांढरे झालेत. जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन माझ्याजवळ आले.

"बाई, पोरगा एकटा नव्हता आला. तुम्ही हाताला धरून आणला व्हता. तासाभरात सोडतो म्हणलो मी. सोडणार नाय, हे तवाच ठावं व्हतं मला."

तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. नोकरी होती, एवढंच म्हणाले. मग खाली बघत हळूच बोलले, "आन् तो जबाब तर तुमच्याच हातचा हाय."

फारूख, त्या जबाबाचं तुला माहीत नाही.

तू आत असताना तिसऱ्या दिवशी मला ठाण्यात बोलावलं. तिथल्या साहेबांनी कोरा कागद पुढं ठेवला आणि काय लिहायचं ते सांगितलं. लिहून दिलं तर उद्या सोडू, नाहीतर मोठी कलमं लागतील, म्हणाले. मी लिहिलं. वळणदार अक्षरात, एकही चूक न करता. माझ्या भावाचा डावा कान लहानपणापासून फुटतो, त्याला कमी ऐकू येतं. खाली सही. कानाचंच का लिहायचं, हे मी विचारलं नाही. कळलं होतं.

तुझी तक्रार त्याच कागदानं बुडाली. तू वकिलाकडं खेटे घालत होतास. घरी येऊन विचारायचास, "आपा, डॉक्टरचा दाखला असून असं कसं झालं?" आणि मी तुझ्या ताटात भाकरी वाढायचे.

पुढं लासूरला गेलास तेव्हा, मी तुला ठाण्यात नेलं एवढ्यासाठी तू माझ्याशी बोलणं तोडलंस. तो राग मी गुमान घेतला. खऱ्या गुन्ह्याच्या मानानं तो स्वस्तात पडत होता.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले आणि चाळीस जणांसमोर हे सगळं सांगितलं. बन्सी हवालदारही उठले. वाटलं, आता बोलतील. ते दाराबाहेर गेले ते परत आले नाहीत. एक मोठे अधिकारी म्हणाले की इथं फक्त चर्चा आहे, कुणाची चौकशी नाही. मग चहा आला. शेवटी सगळ्यांचा फोटो काढला. त्यात मीही आहे.

परवा मी नवा जबाब लिहून दिला. आधीचा खोटा आहे, दबावाखाली लिहिला, असा. कुणी घ्यायला तयार नव्हतं. दोन तास बसून राहिले तेव्हा शिक्का मारला. प्रकरण बंद झालंय, उघडणं अवघड आहे, म्हणाले. खोटं लिहून दिलं म्हणून माझ्यावर मात्र कारवाई होऊ शकते, शाळेपर्यंतही जाईल. प्रशिक्षणाला पुढच्या वर्षी पैसे मिळणार नाहीत, असंही कमिटीला कळवलंय.

नव्या जबाबाची प्रत सोबत आहे. वकिलाला दाखव नाहीतर फाडून टाक. अम्मीला मी येत्या जुम्म्याला सांगणार आहे. तिच्या आधी तुला कळायला हवं होतं.

माफ कर, असं तीनदा लिहिलं आणि खोडलं. इतकं घेतल्यावर तुझ्याकडं आणखी काय मागू?

मला आपा म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव. तोवर नुसतीच,

वहिदा