इथली तिथी

क्युपर्टिनो,
२३ नोव्हेंबर १९८६

प्रिय दादा,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिन्हींत मजकूर एकच: घर विक, पोरीला घे आणि नागपूरला ये. वकिलाने एकच मुद्दा तीनदा मांडला की समोरच्याला शंका यायला लागते, हे मी तुला सांगायला हवं का? पण रागावू नकोस. चारुदत्त गेल्याला वर्ष झालं आणि या वर्षात तू मला एकदाही पोरकं वाटू दिलं नाहीस. वरच्या दोन खोल्या रंगवून घेतल्यास, वीणासाठी शाळेत शब्द टाकलास, वहिनीने तर तिच्यासाठी सायकलही बघून ठेवली आहे म्हणे. हे वाचून मला रडू येतं, आणि मग रडू आल्याचा राग येतो. आज रविवार आहे, वीणा मैत्रिणीकडे गेली आहे, आणि मी तुला सगळं नीट सांगायचं ठरवूनच बसले आहे.

आधी त्या फोनबद्दल, कारण तो काही केल्या मनातून जात नाही. वर्षश्राद्ध आटोपून संध्याकाळी मी तुला ट्रंक कॉल लावला, तेव्हा तुझ्याकडे सकाळ होती आणि तुझी आंघोळसुद्धा व्हायची होती. ‘आटोपलं? अगं, तिथी आज आहे, शनिवारी! तू कालच कसं उरकलंस?’ असा तू ओरडलास. मी म्हटलं, दादा, इथे अजून शुक्रवारच आहे. त्यावर तू म्हणालास, ‘जिथे चारुदत्तरावांची तिथीसुद्धा धड सांभाळता येत नाही, तिथे एकटी पोरीला कशी वाढवणार आहेस?’ फोन ठेवल्यावर वीणाने विचारलं, ‘आई, डिड वी डू इट राँग?’

मग मी प्रल्हादकाकांना फोन केला. प्रल्हादकाका सांता क्लाराच्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत, आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसून आम्हा सगळ्यांचे सत्यनारायण, बारशी, श्राद्धं सांगतात. इथे भटजी आणायचे कुठून! शुक्रवार त्यांनीच काढून दिला होता. ते म्हणाले, ‘वहिनी, पंचांग नागपूरचं फॉलो करायचं आणि सूर्य कॅलिफोर्नियाचा, असं कसं चालेल? तिथी चंद्रावर चालते, ती सगळीकडे एकाच क्षणी बदलते. तुमच्या भावाच्या शनिवारी दुपारी जी तिथी, ती आपल्याकडे शुक्रवारी दुपारीच लागलेली होती. दोघंही करेक्ट आहात.’ डोक्याला पटलं, दादा, मनाला नाही. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमधून मोठ्या बॅगा काढल्या आणि वीणाचे स्वेटर भरायलासुद्धा लागले. हे तुला ठाऊक नव्हतं. तू अगदी जिंकत आला होतास.

त्याच सुमारास वीणाच्या शाळेतलं प्रकरण सुरू झालं. इथे पाचवीच्या वर्गाचा ‘एक्सप्लोरर डे’ असतो. कोलंबस, वास्को द गामा वगैरे मंडळींच्या चिठ्ठ्या टाकतात. ज्याच्या वाट्याला जो येईल त्याने त्याचा वेष करून आईबापांसमोर ‘मी अमुक’ म्हणून बोलायचं. या लोकांनी म्हणे जग शोधून काढलं. तिथे माणसं आधीपासून जेवूनखाऊन राहत होती, हे कोणी फारसं बोलत नाही. आणि एवढी वणवण कशासाठी, तर लवंगा-मिऱ्यांसाठी, ज्या माझ्या मिसळणाच्या डब्यात कोपऱ्यात पडून असतात! असो. वीणाला मॅगेलन आला. पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा घालणारा तो हाच, म्हणून मी खूश झाले. चारुदत्तच्या लग्नातलं उपरणं काढलं, साबुदाण्याची खळ दिली आणि बारीक चुण्या घालून त्या काळची गळ्याभोवतीची गोल कॉलर केली. ती इतकी कडक झाली की पोरीला मान वळवता येईना.

मी कणीक भिजवत होते, तेवढ्यात ती लायब्ररीचं पुस्तक घेऊन धावत आली. ‘आई, ही डाइड! मध्येच, फिलिपिन्सला! ही डिडन्ट ईव्हन फिनिश!’ तिचा चेहरा कसनुसा झाला होता. मग हळूच म्हणाली, ‘देन हू ब्रॉट द शिप होम?’ या घरात असा प्रश्न कोणी विचारला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळतो. मी कणकेच्या हातांनीच तिच्याशेजारी वाचायला बसले. तर दादा, निघाली होती पाच जहाजं. कप्तान वाटेतच मारला गेला. शेवटी कामाची दोनच उरली. त्यातलं एक आल्या दिशेने परतायला निघालं, ते कधीच घरी पोचलं नाही. दुसरं पुढेच गेलं. त्यावर एल्कानो नावाचा माणूस होता, आधी बंडखोरांत सापडलेला, कोणाच्या खिजगणतीतही नसलेला. गळकं जहाज, उपाशी माणसं आणि लवंगांची पोती घेऊन तो स्पेनला पोचला. नाव मात्र झालं मॅगेलनचं.

वीणाने शाळेत जाऊन सांगितलं, मी एल्कानो होणार. टीचर म्हणाल्या, चिठ्ठीत आलेलं नाव बदलता येणार नाही. तर आपली कन्या म्हणते, ‘ओके, आय विल बी मॅगेलन टिल ही डाइज.’ ही कोणावर गेली आहे ते मला विचारू नकोस, आरशात बघ.

एक्सप्लोरर डेला मी अर्धी रजा टाकून गेले. बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही सगळे पालक बसलो होतो. वीणा उभी राहिली, मॅगेलन म्हणून थोडं बोलली, फिलिपिन्सला पोचली, आणि शांतपणे ती कॉलर काढून टेबलावर ठेवली. मग एल्कानो म्हणून पुढचं बोलायला लागली. आवाज जराही कापला नाही. शेवटी तिने एक गोष्ट सांगितली, ती मी वाचली नव्हती. घर जवळ आल्यावर ते खलाशी धान्यासाठी एका बेटावर उतरले. तिथले लोक म्हणाले, आज गुरुवार. जहाजावर तर बुधवार होता! रोजच्या रोज वार लिहून ठेवला होता, एकही चुकवला नव्हता. आपले सगळे उपास आणि सण भलत्याच दिवशी झाले म्हणून ते हादरून गेले. इथे वीणा थांबली, आईबापांच्या घोळक्यात मला शोधलं आणि म्हणाली, ‘बट दे डिडन्ट मेक अ मिस्टेक. दे काउंटेड एव्हरी सिंगल डे. दे वर जस्ट समव्हेअर एल्स.’ दादा, मी तिथेच सगळ्यांसमोर रडले. शेजारच्या चिनी बाईने टिश्यू दिला. घरी आल्यावर स्वेटर पुन्हा कपाटात लावले आणि बॅगा गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या.

तू आता चष्मा वर करून विचारशील, ‘पण ते जहाज घरीच परत गेलं ना?’ गेलं. तसं आम्हीही घरीच राहतो आहोत. वीणाचा जन्म इथला, तिचा बाप तिला इथेच सायकल शिकवत होता, तिला स्वप्नंसुद्धा इथल्या भाषेत पडतात. मला कंपनीत कायम केलं आहे. मी सर्किट बोर्ड तपासते, आठवड्यातून दोनदा कॉलेजला जाते आणि फ्रीवेवर गाडी चालवते. चारुदत्त असताना मी शेजारी बसून नुसतं ‘हळू, हळू’ करायची. मला भीती वाटत नाही असं नाही. रोज वाटते. पण इथून उठून तुझ्या रंगवलेल्या खोल्यांत येऊन बसले, तर उरलेला जन्म मी चारुदत्तची विधवा आणि तुझी बहीण म्हणून काढीन, आणि वीणाही तेच बघत मोठी होईल. ते मला नको आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तोंडावर तुला नाही म्हणायला मला आजवर जमलेलं नाही, आणि डिसेंबरात तू आम्हाला न्यायला येतो आहेस. माझ्या कपाटात वरच्या खणात चारुदत्तच्या अस्थींचा कलश आहे. ‘तू परत येशील तेव्हा नाशिकला जाऊ’ असं तू म्हणाला होतास, म्हणून वर्षभर ठेवला. तो तिथे आहे म्हणून इतके दिवस मी मनाने निघण्याच्याच तयारीत होते. दादा, तो कलश नाशिकला येणार नाही. इथून तासाभरावर हाफ मून बेला पॅसिफिक आहे, तिथे विसर्जन करायचं आम्ही दोघींनी ठरवलं आहे. तू ये. तुझ्याशिवाय मला ते करायचं नाही. पण परतीचं तिकीट तुझं एकट्याचंच काढ. मंत्र प्रल्हादकाका सांगतील. अस्थी वीणा सोडणार आहे, तिनेच मागून घेतलं आहे. तिथल्या पाण्याला फार ओढ असते. तू तिच्या मागे उभा राहा आणि तिला घट्ट धर.

तुझीच,
सुहास