दुसऱ्या दोराची गाठ

प्रिय अहो,

अशी सुरुवात कुणी करतं का, म्हणाल. पण तुमचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही, आता कागदावर कशाला घेऊ?

काल गावच्या जत्रेत लाऊडस्पीकरचे बॉक्स चढवले. तुमच्या माघारी पहिल्यांदाच. दोन्ही चढवले आणि दोन्ही जिथल्या तिथे राहिले! हे तुम्हाला सांगितल्याशिवाय घास गोड लागेना, म्हणून लिहायला बसले. घाईत आहे, चूल पेटायची आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

लग्न होऊन मी माल्याला आले, तेव्हा तुमच्याकडे काय होतं? दोन कर्णे, बॅटरीवर चालणारं एक मशीन आणि उंचीची भीती. कर्णे उंच बांधायचा धंदा, आणि धनी शिडीवर थोडा वर गेला की पांढराफटक! मी ताम्हिणीची. हिरडे काढायला झाडाच्या शेंड्यापर्यंत जाणारी. एका गिऱ्हाइकाच्या लग्नात ऐन वेळी तुमचा गडी आला नाही, तेव्हा नऊवारीचा काष्टा आवळला आणि मीच चढले आंब्यावर. खाली सगळी वऱ्हाडी मंडळी आ वासून उभी. एकाने विचारलंच, "बाईमानसानं कर्णे चढवायचे व्हय?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला चक्कर येती, तिला येत न्हाई. मंग कोन चढंल?"

त्या एका बोलण्यावर मी तुम्हाला सगळं माफ करून टाकलं. जवळजवळ सगळं.

पुढे गावात वीज आली, तुम्ही मोठं मशीन घेतलंत आणि लाकडी बॉक्स आणलेत. कर्णा हलका, पण बॉक्स म्हणजे भाताचं भरलेलं पोतं! ते माणसांच्या डोक्यावर टांगायचं म्हटल्यावर तुमच्यात एक वेगळाच माणूस जागा झाला. घरात स्वतःचा सदरा कुठे ठेवला ते विसरणारा माणूस, पण मांडवाखाली काय शिस्त! बॉक्स आधी गुडघ्याएवढाच उचलायचा आणि थांबायचं. तुम्ही त्याला स्वतः लोंबकळून बघायचात. मग निवांत चहा. चहा होईपर्यंत दोर सरकला नाही, तरच बॉक्स वर. खाली चुन्याच्या फक्कीने गोल आखायचा, आणि त्या गोलात पाहुणा असो की पुढारी, कुणालाच बसू द्यायचं नाही.

आणि तो दुसरा दोर! पहिला दोर माझा, भार घेणारा. दुसरा वेगळ्या वाशावरून आणून वेगळ्या मेखेला बांधायचा, थोडा सैल, नुसता राखणीला. पहिला तुटलाच तर बॉक्स त्याने धरायचा. हे मला पटत होतं. पण तो दुसरा दोर तुम्ही मला कधी बांधू दिला नाहीत, याचा मला भारी राग यायचा. आठवतं ना, मुठा गावातल्या सभेच्या वेळी मी फणकारले होते, "माज्या गाठीवर इस्वास न्हाई तुमचा!"

"गाठीवर हाय गं इंदे," तुम्ही म्हणालात. "पर मानसाला आपली चूक दिसत न्हाई. तेच हात दुसऱ्यांदा बी तेच करत्यात. म्हनून दुसरा दोर दुसऱ्या हातानं."

तुमची ती गाठ तरी शिकवा म्हटलं, टोक उलटं आत खोचायची ती. तर तेही नाही. "ती माजी सवताची युक्ती हाय. तू बी तीच बांदलीस तर दोनी दोरांला एकच गाठ हुईल." केवढा तो तोरा!

माझ्या माहेरच्या त्या लग्नात मात्र मी गप्प झाले. कप्पीच्या कडेने घासून माझा दोर तुटला. अक्षता पडत होत्या. बॉक्स हातभर खाली आला, तुमच्या दोरावर झुलला आणि थांबला. खाली रिकामा गोल. नवरीचा मामा वर न बघताच ओरडला, "आवाज का रं बारीक केला?" तुम्ही हसलात आणि मी मांडवामागे जाऊन रडले. तुम्हाला वाटलं, मला आनंद झाला. अहो, मी घाबरले होते!

झाडाखाली उभं राहून मला वर चढवलंत, जपलंत, आणि गेलात कशाने? काविळीने. त्याला कुठला दोर बांधायचा होता, सांगा ना!

तुमच्यामागे तुमच्या आई, आत्याबाई, मशीनला फडकंही लावू देईनात. त्यांना सगळं विकून टाकायचं होतं. "त्यातनं आवाज आला का मला माजा लेक बोलल्यावानी वाटतं," म्हणायच्या. पौडचं एक गिऱ्हाईक दोनदा येऊन बघून गेलं. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. विकायला काय झालं? मला येतंय की सगळं! सगळं म्हणजे पहिल्या दोरापर्यंतचं.

दुसऱ्या हाताचा नियम करून गेलात, पण दुसरा हात कुठून आणायचा, ते कुठे सांगून गेलात?

काल तोच प्रश्न ऐन माळावर उभा राहिला. जत्रेचं सगळं बघणारे तात्या ठाऊक आहेत ना, कायम घाईत असणारे. कीर्तनाला बाया लांब बसतात, त्यांना ऐकू जात नाही, म्हणून दोन्ही बॉक्स त्यांच्या बाजूला टांगायचे होते. मी वासे बघितले, वर चढून कप्प्या बांधल्या, बॉक्स गुडघ्याएवढे उचलून माझ्या दोरांवर थांबवले. लोंबकळलेसुद्धा! मग तात्यांना म्हटलं, दुसरे दोर बांधायला माणूस द्या.

"मानूस कशाला? तुमीच बांदा की दोनी."

"ह्यांचा नियम हाय. दुसरा हात पायजे. आनि ज्यानं बांदला त्यानं कीर्तन सरंपत्तुर दोरापाशी थांबायचं."

दोघे-तिघे गडी पुढे आले होते, ते 'थांबायचं' ऐकून मागे सरकले. पलीकडे कुस्त्यांचा हलगी-ताशा सुरू झालेला, कोण थांबतो?

तात्या तडकले. "मंग पौडवरनं दुसरा स्पीकरवाला मागिवतो. फुडल्या जत्रेलाबी त्योच यील, सांगून ठिवतो."

अहो, हे एक काम गेलं की आसपासची सगळीच जातात, हे मला काय कळत नाही? पण मी म्हणाले, "मागवा. दुसरा दोर न्हाई तर बायांच्या डोक्यावर बॉक्स न्हाई." आणि माझा पहिला दोर सोडायला मेखेशी वाकले.

"थांब," मागून आवाज आला.

आत्याबाई! भाकरी घेऊन आल्या होत्या, आणि कुठून कोण जाणे, सगळं ऐकत उभ्या होत्या. भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं, पदर खोचला. "कुटं बांदायचा? दाव मला."

मी दाखवलं. त्यांनी दुसरा दोर बॉक्सच्या कड्यांतून घेतला, बॉक्स वर गेल्यावर बेताने सैल ठेवून मेखेला बांधला. मग दुसऱ्या बॉक्सचा. मी तिकडे बघितलं नाही. दुसऱ्याची गाठ आपण निरखत बसायची नाही, ओढून बघायची, हेही तुमचंच. मी अंगाचा भार टाकून ओढून बघितली. हलली नाही. मग मी फक्की मारली.

बुवांनी अभंग धरला आणि बॉक्समधून आवाज माळभर पसरला. आत्याबाई गोलाबाहेर बसून होत्या, एक हात दोरावर. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण नजर वर. उठल्या नाहीत. तात्या दोनदा येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, "फुडल्या साली बी तुमीच या."

आज सकाळी बॉक्स उतरवायला गेले. दुसऱ्या दोराच्या मेखेपाशी बसले आणि गाठ हातात घेतली. टोक उलटं आत खोचलेलं! भाराने गाठ आवळते, पण त्या टोकाला एक हिसका दिला की सुटते.

"आत्याबाई, ही गाठ कुनाची?"

"कुनाची म्हंजे? दाव्याची. आपला तांबडा खोंड दुसऱ्या गाठीत ऱ्हायचाच न्हाई. पोराला मीच शिकिवली."

स्वतःची युक्ती होय! लबाड कुठले! तिथेच मेखेजवळ बसून हसले आणि मग हसता हसता रडले. आत्याबाईंना वाटलं, मला वेड लागलं. खरं काय ते सांगितलं, तर त्याही रडल्या आणि मग म्हणाल्या, "पौडवाल्याला सांग, आमचं इकायचं न्हाई."

तेव्हा आता ऐका. जोवर माझे पाय झाडावर चढताहेत, तोवर पहिला दोर मी बांधीन आणि दुसऱ्याला कधी हात लावणार नाही. तो आत्याबाईंचा. त्यांच्यानंतर ज्याला त्या शिकवतील, त्याचा. मला मात्र ती गाठ शिकवू नका, असं मी त्यांना आजच सांगून ठेवलंय.

तुमची,
पहिल्या दोराची
इंदू