अस्वल कोणी पळवलं

चंद्रपूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीप यास,
जय भीम. आशीर्वाद पुढच्या पत्रात पाहू, यावेळी नाही.

वि. वि. पाकीट बघून तुला हसू येईल. पण फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस, मग राह्यलं काय? मी पोस्टात आहे. पाकीट तरी तुझ्या दारापर्यंत येतं.

खुशालनं वडशाच्या कॉलेजच्या ग्रुपवर हे लिहायचं खूळ काढलं, तेव्हा मीच तुला त्यात ओढलं. सकाळी तो विषय देणार, रात्री नऊच्या आत प्रत्येकानं आपल्या आयुष्यातलं खरं काहीतरी लिहून टाकायचं, चुकला तो बाद. तू बरं लिहून राह्यला होतास. मग "धाडस" हा विषय आला आणि तू माझं लहानपणच उचललंस.

मोहफुलं वेचायला पहाटे आईसोबत मी गेली होती. आईचा पाय मुरगळला, तिला उठता येईना, आणि समोर अस्वल आलं. मी फुलं भरायचं भांडं, तो जर्मनचा गंज, दगडानं बडवत त्याच्यावर धावली आणि ते मागं फिरलं. हे मी संध्याकाळी ग्रुपवर टाकलं. थोड्या वेळानं तू तेच टाकलंस. तोच गंज, तोच दगड, फक्त मुलीच्या जागी मुलगा. खुशालनं सगळ्यांसमोर विचारलं की त्या दिवशी पोरं दोन होती की अस्वलं दोन. लोक अजून हसून राह्यले.

आता निवडक लेखांची पुस्तिका निघणार आणि महिनाअखेरीला वडशाला मेळाव्यात वाचन होणार. खुशाल म्हणतो, दोघांतला एकच लेख घेईन, आपसात ठरवा. ठरवायचं काय त्यात? दर हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकात पार्ट करून करून तुला दुसऱ्याचं बोलणं स्वतःचं वाटायला लागलंय. लेख मागं घे आणि ग्रुपवर माफी माग.

लोभाचं नंतर बघू.
तुझी ताई,
नूतन

&nbsp;

वडसा,
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
धम्मदीपचा जय भीम. वि. वि.

पाकीट मिळालं. पोस्टात एवढी वर्षं काढून तिकीट वाकडं लावलंस, म्हणजे रागातच होतीस.

ब्लॉक काऊन केलं ते ऐक. तू मला सगळ्या ग्रुपसमोर चोर म्हटलंस. त्या ग्रुपमध्ये माझ्या शाळेतले दोन मास्तर आहेत. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी शिरलो तर एकानं आपला डबा टेबलाखाली लपवला आणि सगळे खदखदले. माझ्या विद्यार्थ्यांपर्यंत गेलं ते. माफी मी मागायची?

मोहाखालचा पाला जाळलेला होता, त्याचा वास मला आत्ताही येतो. गंज वाजला तेव्हा हाताला बसलेला झटका आठवतो. तो गंज माझ्या घरी आहे, त्याला पोचा आहे, येऊन बघ. आणि साक्षच पाहिजे तर आपली थोरली वनूताई होती. मला झोपवताना ती रोज हीच गोष्ट सांगायची, धम्मूनं अस्वल पळवलं म्हणून. मी लहान असतानाच ती तापानं गेली, नाहीतर तिनंच तुझं तोंड बंद केलं असतं.

रविवारी मी गावाला गेलो. आईला आता फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून दोन्ही लेख मोठ्या अक्षरात छापून नेले. तिनं बोट ठेवून ठेवून वाचले. मी मोबाइल धरून उभा होतो. तिनं माझं नाव घेतलं की व्हिडिओ ग्रुपवर टाकणार होतो. तर तिनं माझा हात खाली दाबला, कागद कमरेला खोचले आणि मागच्या अंगणात जाऊन बसली. जेवलीसुद्धा नाही. तुझ्या भावजयीनं, साक्षीनं दिलेले लाडू तसेच राह्यले. तुझं खोटं वाचून म्हातारी उपाशी राह्यली, एवढं लक्षात ठेव.

लेख मागं घेत नाही.
तुझा भाऊ (तुझी हरकत नसेल तर),
धम्मदीप

&nbsp;

चंद्रपूर,
१४ फेब्रुवारी २०२५

धम्मदीप,
जय भीम. चि. लिहायची इच्छा झाली नाही.

आईसमोर मोबाइल धरून उभा राह्यलास? तुझ्या जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं, आता अक्कलही नाही हे कळलं. आणि वनूताईला मध्ये काऊन आणतोस? ही गोष्ट ती मला सांगायची. तिच्या पोटाला चिकटून ऐकली आहे मी. नूतननं गंज उचलला, नूतन धावली, अस्वल पळालं. रोज. तिचा आवाज मला आठवतो, तुला तिचा चेहरा तरी आठवतो का? गेलेल्या बहिणीला खोटी साक्ष द्यायला लावतोस, तुझी हद्द झाली.

मला आयुष्यात कोणी शूर म्हटलं नाही. सासरी नाही, ऑफिसात नाही. जे काही धाडस केलं ते त्या एका सकाळी, आणि तेही तुला पाहिजे. बाबांचं शेत घेतलंस तेव्हा मी काही बोलली नाही. हे देणार नाही.

मेळाव्याला मी येणार आणि वाचणार. तू पुढच्या रांगेत बस, तुझ्याकडे बघून वाचते. वडशाला आली तरी तुझ्या घरी उतरणार नाही. साक्षीला सांग, तिच्यावर राग नाही. भाचीला, दिव्यानीला पापा.

नूतन

&nbsp;

आपलं गाव, कुरखेड्याजवळ,
१७ फेब्रुवारी

चि. नूतन आन् चि. धम्मू,
दोघायले आईचा जय भीम. मी बरी हाओ. तुमी बरे नाई, दिसून राह्यलं.

रात्रीच्या शाळेत शिकलेल्या अक्षरानं लिवून राह्यली, हासू नोका. तुमचे दोनी कागद वाचले. दोनी खोटे हायेत.

त्या दिवशी तुमी कोनीच नव्हते. नूतन तीन वर्साची, तिले मामीजवळ ठेवलं होतं. धम्मू पाळण्यात होता. मोह वेचाले माह्यासंगं वनमाला होती, दहा वर्साची. पाय माहा मुरगळला, गंज तिनं बडवला. घरी आल्यावर दोन दिवस ती बोलली नाई.

मंग तुमी मोठे झाले. अस्वलाच्या भेवानं रडाचे, झोपाचे नाई. तवा ती तुमाले पोटाशी घेऊन ही गोष्ट सांगे. ज्याले झोप येत नसे त्याचं नाव घाले. आज नूतन, उद्या धम्मू. मी चुलीपाशी आयकत राहो. एकदा मी म्हटलं, पोरी, गंज तर तुनं बडवला, मंग तुहं नाव काऊन नाई सांगत? तर म्हने, "माहं भेव गेलं बाई, या पोरायचं जावाचं हाय."

हिवतापानं गेली तवा ती चौदाची होती. तिचा फोटो नाई. तिचं नाव काढलं का तुमचे बाबा ताटावरून उठत, मंग मीबी काढणं सोडलं. तिच्यापाशी सोताची म्हनावी अशी एकच गोष्ट होती, तेबी तिनं तुमाले देऊन टाकली. आन् त्याच्यावरून तुमी एकामेकाले चोर म्हंता. मले दोघायचाबी राग आला. जेवली नाई ते त्याच्यापायी. लाडू मंग खाल्ले, साक्षीले सांगजा.

हे पत्र नूतनच्या पत्त्यावर टाकतो. तिनं वाचून आपल्या हातानं धम्मूले धाडावं. मले मोबाइल दाखवाले कोनी येऊ नोका.

तुमची आन् वनमालेची आई,
रुखमा

&nbsp;

चंद्रपूर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीप यास,
जय भीम.

आईचं पत्र सोबत आहे. वाचून परत पाठव, ठेवून घेऊ नको. गंज तुझ्याकडे आहे तेवढा पुरे.

मी हे काउंटरवर बसूनच वाचलं. समोर लाइन लागली होती. एका बाईनं विचारलं की मॅडम, कोणी गेलं का? मी हो म्हटलं. किती वर्षं झाली ते सांगितलं नाही.

माझा लेख मी काढून टाकला. तुला चोर म्हटलं तेही ग्रुपवर परत घेतलं. चोर तर आपण दोघं, आणि जिची चोरी केली तिनंच हातात ठेवलेलं. पण धम्मू, तो दगड माझ्या हातातून जाऊन नाही राह्यला. आई म्हणते मी तिथं नव्हती. मानलं. तरी डोळे मिटले की गंज मीच बडवते. तुझं असंच होतं का, एवढंच कळव.

मेळाव्यात मी वाचणार नाही. तूही वाचू नको, नाटकी वाचशील.

नूतन

&nbsp;

वडसा,
३ मार्च २०२५

ती. ताईस,
धम्मदीपचा जय भीम. वि. वि.

माझंही असंच होतं. वास जात नाही.

तुला ब्लॉकमधून काढलं आहे, पण हे फोनवर सांगता येणार नाही म्हणून पाकीट. तू मेळाव्याला आली नाहीस. माझा लेख मी पुन्हा लिहायला बसलो होतो. माझं नाव खोडून तिथं वनमाला घातलं, मुलाची मुलगी केली, बाकी काही बदलावं लागलं नाही. खुशाल म्हणाला की मुदत संपली, नियम म्हणजे नियम, आणि ही बाई ग्रुपमध्ये तरी आहे का? मी त्याच्याशी असा भांडलो की साक्षीनं मला बाहेर नेलं. मग तीच आत गेली आणि तिनंच वाचलं. शेवटी कोणी हसलं नाही. मग खुशालही नरमला. पुस्तिकेत लेखाखाली नाव येणार आहे, वनमाला श्रीहरी खोब्रागडे. तिचं नाव छापून येण्याची ही पहिली वेळ. तरी खुशालशी मी अजून बोलत नाही.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नको. स्टाफरूममध्ये डबा अजून लपवतात. आणि शेताचं तू काढलंस, ते मी विसरणार नाही.

काल दिव्यानीला गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकली आणि म्हणाली, बाबा, आता माझं नाव घालून सांगा. तोंडाशी आलं होतं, ताई. पण घातलं नाही. रुसून झोपली पोरगी.

मोहफुलं पडायला लागली की मी गंज घेऊन गावाला जाणार आहे, आईला दाखवायला. तुला यायचं तर ये. माझ्याच गाडीत बसायला पाहिजे असं नाही.

लोभ असू दे.
तुझा,
धम्मू