विकुन्याची तिसरी चिठ्ठी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा शब्द विकुन्या. लामाच्या जातीचं रानटी जनावर. त्याच्या लोकरीला आणि कापडालाही तोच शब्द. मोठे सर म्हणाले, "जनावर पुस्तकात सापडेल. लोकांच्या तोंडी आहे का, ते बघ."

आमच्या कोशाचा नियम – तीन माणसांच्या तोंडची तीन वाक्यं, तीन चिठ्ठ्या, तरच शब्द आत. आणि शब्द आपण उच्चारायचा नाही, समोरच्यानं आपणहून बोलायला हवा. चिठ्ठीखाली गोळा करणाऱ्याची सही.

माझे दोन शब्द आधीच बुडालेत. एकदा तर छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या मागे अर्धं शहर हिंडत बसले. शुक्रवारपर्यंत हा जमला नाही तर घरी बसायचं. घर! ते कुठाय? चष्मिषच्या खोलीत राहते, तिच्या शेजारच्या टेबलावर काम करते, तिच्याच साबणानं अंघोळ करते.

४ फेब्रुवारी

दोन मिळाली. लामाच्या पिंजऱ्यापाशी रखवालदाराला विचारलं, याचे नातेवाईक कोण? "भाऊबंद म्हणजे विकुन्या. तो नाही आमच्याकडे. हा आहे, थुंकतो. चालेल?" मग कोटांच्या दुकानातली पोरगी – "विकुन्या घ्यायचा नसतो गं, नुसता हात लावायचा."

५ फेब्रुवारी

काही नाही. बंदरावर जहाज बघत बसले. काय म्हणावं मला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चष्मिष म्हणाली, "बाजारामागच्या शिंपीकाकांना गाठ. उंची कापडाचं विचार." गेले. काकांनी मान वर न करता सांगितलं, "विकुन्या कापायचा म्हणजे आधी हात धुवायचे, मग श्वास रोखायचा."

वा काका! असं वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं. चिठ्ठी पेटीत टाकली. नोकरी राहिली.

१० फेब्रुवारी

छापायला जाणारी पानं आली. माझं वाक्य – खाली चष्मिषची सही. पेटी उघडली. चिठ्ठीच बदललेली, तिच्या अक्षरात.

खोलीवर गेल्यावर विचारलं. भांडी घासत म्हणाली, "असू दे ना. तुझी दोन आहेत की."

दोन आहेत! रखवालदाराचं थुंकणं माझं आणि काकांचं सोनं तिचं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी हिला आजारपणात पेज भरवली होती. जेवले नाही. ती हाक मारत होती, पाठ फिरवून झोपले.

११ फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी तिला बोलावलं. तिनं एवढंच म्हटलं, "हो, मीच बदलली." दुपारी तिचं टेबल रिकामं. चिठ्ठी नव्यानं लिहून मी माझी सही केली. बरं वाटायला हवं होतं. खोलीची किल्ली माझ्यासाठी शेजारणीकडे ठेवून गेलीय. ठेवू दे.

१३ फेब्रुवारी

शिंपीकाकांना सांगायला गेले, तुमचं वाक्य छापलं जातंय. त्यांनी कात्री खाली ठेवली. "पोरी, मी जन्मात विकुन्या पाहिला नाही. चष्मेवालीनं पाठ करून घेतलं होतं ते माझ्याकडून, तुझी नोकरी जाऊ नये म्हणून. सोमवारी परत आली. म्हणाली, तुमचे साहेब वाक्यं तपासायला घरोघर जाणार आहेत. माझ्याकडे आले तर तिचंच नाव सांगायचं, तुझं येऊ द्यायचं नाही."

चिठ्ठीवर आता सही माझी आहे. भांडून करून घेतलेली.