कठड्यावरच्या दगडाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर पन्नास वर्षं रत्नखडे शोधत हिंडलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांचा मी मागितलाच नाही.

एक. राहतं घर लेकीला. अंगणातले दगडांचे ढीगही तिलाच. "आई, हे एकदाचं फेकून दे ना," असं ती वीस वर्षं म्हणते आहे. आता खुशाल फेकावेत, पण प्रत्येक दगड आधी ओला करून उन्हात धरून बघावा. मग फेकणं होणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

दोन. ज्या दगडाची ठेच लागून जावईबापूंनी पहिल्याच भेटीत माझा उद्धार केला, तो दगड त्यांना. आत अकीक आहे. तेव्हाच सांगणार होते, पण त्यांचं बोलणं संपेना.

तीन. नाक्यावरच्या सराफाने माझ्या जांभळ्या स्फटिकांना "काच आहे हो, बाई" म्हटलं होतं. त्याला माझं भिंग द्यावं. तडा गेलाय, पण त्याच्या डोळ्यांपेक्षा बरं आहे.

चार. हातोडा, छिन्नी आणि चाळण्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला. बावीस वर्षं आमचा अबोला आहे. तरी तिच्याइतका नेमका घाव घालणारा हात मी पाहिला नाही. हे तिला मी मेल्यावरच कळावं.

पाच. आम्हा बहिणींचा नियम असा: दगड जिला आधी दिसेल तिचा, पण फोडायचा दुसरीने. स्वतःच्या दगडावर हात हावरा होतो आणि आतल्या स्फटिकांचा चुरा होतो. बावीस वर्षांपूर्वी ओढ्यात कलिंगडाएवढा गोल दगड सापडला. वजनाला हलका, म्हणजे आत पोकळ. "मला आधी दिसला!" दोघी एकदमच ओरडलो. दोघीही मालकिणी झालो, फोडणारी कोणी उरलीच नाही. तेव्हापासून तो दोन घरांमधल्या कठड्यावर बसला आहे आणि आम्ही तोंडं फिरवून बसलो आहोत.

आता लिहून देते: तो तिलाच आधी दिसला. मी तिची नजर पाहून धावले. दगड तिचा. पण फोडायचा मी, आणि ते काम मेल्यावर जमणार नाही. तेव्हा चौथ्या कलमातलं 'मेल्यावरच' खोडलं असं समजावं. डॉक्टरांनी हा कागद आजच पलीकडे नेऊन दाखवावा. तिच्याशिवाय मला करमत नाही.

सही: थोरली
ठिकाण: माझं स्वयंपाकघर. दिनांक: ९ मार्च.

साक्षीदार पहिले: डॉक्टर. (बाई शुद्धीत आहेत. हट्टीही आहेत.)

साक्षीदार दुसरी: धाकटी. डॉक्टर म्हणाले, "साक्षीदाराला वाटा मिळत नाही. सही केलीत तर दगडही गेला, हातोडाही गेला." म्हटलं, "आणा ते पेन." पाचवं कलम खोटं आहे. दगड ताईलाच आधी दिसला, मी तिला ढकलून पुढे झाले. म्हणजे फोडायचा मी. हातोडा तुझ्या दारामागून उचललाय. ताई, चष्मा लाव आणि कठड्याशी ये.