झाड मुश्मुलाचं आहे

नेवेंका,

मिलुतिन करवत घेऊन येईल. त्याला पेलाभर राकिया दे आणि परत पाठव. झाड कापायचं नाही.

तू चिडशील. फळं आधी दगडासारखी, मग तपकिरी होऊन सडतात, असलं झाड ठेवून काय करायचं, हे तुझं म्हणणं मलाही पटलं होतं. पण काल शेजारच्या रोसांदाबाईंनी कुंपणावरून आपली कचऱ्याची बादली पाहिली आणि ओरडल्याच, "अहो, सडली नाहीत ती, पिकलीत! मुश्मुला आहे. अशी मऊ झाल्यावरच खातात. शहरात जन्मभर नुसता पावच खाल्लात का?"

आज मृतांचा शनिवार. मोसमाचं नवं फळ आधी गेलेल्या माणसाला द्यायचं, मगच घरात खायचं, हे तुझ्या आईने कधी चुकवलं नाही. म्हणून चांगली निवडून तिच्या थडग्यावर घेऊन चाललोय. वसंतात आम्ही हे घर बघायला आलो, तेव्हा ती याच झाडाखाली उभी राहून म्हणाली होती, "ही फुलं ओळखीची नाहीत. फळ धरलं की कळेल." फळ धरायच्या आत ती गेली.

उरलेली खिडकीत वाळल्या गवतावर ठेवलीत. मी येईपर्यंत खाऊ नकोस. आई गेल्यापासून तू चुलीपाशी उभ्याउभ्या जेवतेस आणि मी अंगणात. आज दोघं टेबलाशी बसून खाऊ.

बाबा